हो, मीच मारलं

माझी आई माझ्या वडिलांना मारायची. हे वाक्य सरळ बोलायला मला फार वर्षं लागली, कारण ऐकणारा माणूस आधी हसतो. लाटण्याचे विनोद सगळ्यांनी ऐकलेले असतात. माझ्या डोळ्यांपुढं मात्र अण्णांच्या पाठीवरचे चिमट्याचे डाग येतात, आणि भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा घालून शाळेत निघालेले अण्णा येतात.

आम्ही जाफराबादला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. मी एकुलती एक. आमच्या भिंतीला भिंत लागून एक जोडपं राहायचं. त्यातला नवरा कापसाच्या जिनिंगवर कामाला जायचा आणि बायकोला मारायचा. तिला मी मावशी म्हणायचे. म्हणजे भिंतीच्या त्या बाजूला नवरा बायकोला मारत होता आणि या बाजूला बायको नवऱ्याला. तिकडून आवाज आला की गल्लीतले लोक म्हणायचे, "नवराबायकोचं हाये, आपण कशाला पडावं." आमच्याकडून आवाज आला की ते हसायचे. उठून कुणीच यायचं नाही.

आई अशी का होती, हे मला आजही सांगता येत नाही. लोक कारण मागतात म्हणून मी पुष्कळ शोधलं. घरात दारू नव्हती, सासूचा जाच नव्हता. चौदाव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि शाळा सुटली हे खरं, पण तशा बायका गल्लीत आणखी होत्या. राग येण्याआधी ती एकदम गप्प व्हायची. भांडी नेहमीपेक्षा हळू ठेवायची. वाटीचा आवाज आला नाही की मी दाराकडं सरकायचे.

अण्णा अंगानं दुबळे नव्हते. मी आठेक वर्षांची असताना त्यांनी एकदा तिचे दोन्ही हात धरले. तिनं गळा काढला, "मारलं गं माय, मारून टाकलं मला." त्या दिवशी मात्र चार माणसं धावत आली. त्यांनी अण्णांना बाहेर ओढलं, एकानं त्यांच्या कानफटात दिली. आईला पाणी दिलं, पंख्यानं वारं घातलं. अण्णांच्या भुवईतून रक्त गळत होतं. ते एकाला दिसलं, तेव्हा तो म्हणाला, "बाई सुटायला धडपडली असंल, तेव्हा लागलं." त्यानंतर अण्णांनी तिचे हात धरणं सोडून दिलं. ती मारायला लागली की ते भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. ती माझ्याकडं वळली की मध्ये यायचे आणि माझ्या वाटचा मारही खायचे.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही असं नाही. त्यांच्या शाळेतल्या एका वयस्कर गुरुजींकडं ते मला घेऊन गेले होते. अंगणात बाजेवर बसून, खाली मान घालून त्यांनी सगळं सांगितलं. ते गुरुजी ऐकत होते तोवर गंभीर होते. मग म्हणाले, "मर्द माणूस ना तुम्ही? एक ठेवून द्यायची बराबर. न्हाई जमत तर बांगड्या भरा." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. त्यांच्या बायकोनं आत हसू दाबायला तोंडाला पदर लावला. दोन दिवसांनी चौथीच्या फळ्यावर कुणीतरी लाटणं काढून ठेवलं होतं. अण्णांनी ते पुसलं आणि त्याच फळ्यावर गणित घातलं. हे मला वर्गातल्या पोरींनी मधल्या सुट्टीत हसत हसत सांगितलं.

माझा हात मोडला तेव्हा मी सहावीत होते. रविवार होता, अण्णा बाजारात गेले होते. आईनं मला चुलीवरच्या वरणाकडं बघायला सांगितलं होतं. मी पुस्तक वाचत बसले आणि वरण करपलं. ती उठली, पातेलं उतरवलं, हळूच खाली ठेवलं. मी पळायला हवं होतं. फुंकणी लोखंडाची होती. मी डोकं वाचवायला हात वर केला, आणि मनगटाच्या वर कडकन आवाज झाला. तो आवाज ऐकून आईसुद्धा थांबली.

अण्णा आले आणि माझा हात बघून त्यांनी बाजाराची पिशवी तिथंच टाकली. मग त्यांनी मला उचललं. आई चप्पल घालून मागं मागं आली. गावात एका डॉक्टरीणबाईंनी नुकताच दवाखाना टाकला होता. तरुण होत्या. त्यांनी हात दाबून पाहिला आणि विचारलं, "कशानं झालं?"

"पायरीवरून पडली," आई म्हणाली.

"पडल्यावर असं होत नाही. हा वळ बघा." त्यांनी माझी बाही वर केली. तिथं जुने वळही होते. मग त्यांनी आमच्या तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि त्यांची नजर अण्णांवर थांबली. "तुम्ही गुरुजी ना? शाळेत लेकरं शिकवता आणि स्वतःच्या पोरीला असं मारता?"

त्या माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या. माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "सांग बाळा, बाप मारतो का? घाबरू नकोस. मी आहे इथं."

माझ्या आयुष्यात हा प्रश्न विचारणारं ते पहिलं माणूस. तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं. आणि मला उत्तर माहीत होतं. 'बाप नाही' एवढे दोनच शब्द लागत होते. मी आईकडं पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून अगदी शांत उभी होती. वरणाचं पातेलं ठेवताना होती तशीच. मी माझ्या पायांकडं बघायला लागले.

"बोल ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तिला नका विचारू," अण्णा म्हणाले. "हो, मीच मारलं."

आईनं पदर डोळ्यांना लावला. डॉक्टरीणबाई उठून तिच्याजवळ गेल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, तुम्हीही सहन करू नका. पुन्हा असं झालं तर सरळ माझ्याकडं या, आपण पोलिसांत जाऊ." अण्णांना त्यांनी बाहेर उभं राहायला सांगितलं. प्लास्टर घालताना मी खिडकीतून त्यांची पाठ बघत होते. त्या बाईंना मी कधी दोष दिला नाही. त्यांनी बघितलं, विचारलं, भांडायचीही तयारी दाखवली. फक्त त्यांच्या मनात मारणारा आधीच ठरलेला होता.

त्या संध्याकाळी आईनं मला दुधात भाकरी कुस्करून स्वतःच्या हातानं भरवली.

चार दिवसांत गावभर झालं. लाटण्यावरून हसणारे लोक आता अण्णांना बघून थुंकायला लागले. एवढे दिवस ज्याला बायकोचा मार खाणारा म्हणत होते, तोच पोरीचा हात मोडतो हे दोन्ही एकदम त्यांना पटलं. आमच्या ओसरीवर बैठक बसली. मामा आले होते, दोन-तीन भाऊबंद होते, गल्लीतले जाणते लोक होते. बायका आत, दाराआड. मामा म्हणाले, "दवाखान्यात कबूल केलंय यानं. माझी बहीण अन् भाची मी याच्या हवाली कशी ठेवू?"

अण्णांनी मान खाली घातली.

तेवढ्यात दाराआडून मावशी पुढं आल्या. अशा बैठकीत बाईनं उभं राहणं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांच्या ओठावर जुनी जखम होती. त्या म्हणाल्या, "गुरुजीनं न्हाई मारलं. ह्या भिंतीला माझी चूल हाये. रोज ऐकून राह्यले मी. मारती ती ही बाई. नवऱ्यालाबी अन् पोरीलाबी."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडं वळल्या. मला वाटलं, आता सुटलो. मग एक म्हातारा म्हणाला, "तू तुझ्या नवऱ्याचा मार खाती, ते आधी निस्तर. अन् गुरुजीचा तुला यवढा कळवळा कशाला?" दोघंतिघं हसले. मावशींचा नवरा कोपऱ्यात बसला होता. तो उठला, मावशींचं मनगट धरलं आणि त्यांना घरात घेऊन गेला. बैठक पुढं चालू राहिली. भिंतीपलीकडून आवाज येत होते. आमच्या ओसरीवरच्या सगळ्यांना ते ऐकू येत होते.

ठरलं ते असं: पोर आईपाशी राहील, कारण पोर आईचीच असते आणि बाप मारकुटा आहे. अण्णांनी दुसरीकडं राहावं, घरखर्चाला कमी पडू देऊ नये. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी बोलले असते की नाही, देव जाणे.

अण्णांनी बदली मागून घेतली ती थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तीर्थपुरीला. महिन्यातून एकदा ते एसटीनं यायचे. घरी यायची मनाई होती, म्हणून मी स्टँडवर जायचे. आम्ही सिमेंटच्या बाकावर बसायचो. ते पेरू कापून द्यायचे, माझा हात हातात घेऊन बोटं हलतात का ते बघायचे. मध्ये यायला आता घरात कुणी नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. एकदा मी त्यांचा सदरा धरून रडले. "मला घेऊन चला अण्णा. मी स्वयंपाक करीन. वरण करपू देणार न्हाई."

त्यांनी गाड्यांच्या वेळापत्रकाच्या पाटीकडं पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, मी पोरीचा हात मोडणारा बाप हाये. मला कोण देईल तुला?"

गाडी लागली आणि ते गेले. मी घरी गेले ती उशीर झाला म्हणून मार खायलाच.

मी सांगून पाहिलं. सातवीत वर्गाच्या बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "सावत्र आहे का?" मी म्हणाले, सख्खी आहे. त्यांचा चेहरा सैल झाला. "मग मायेनंच मारत असेल. मुलीच्या जातीला वळण लागावं म्हणून." मामींना सांगितलं. त्यांनीही तेच विचारलं. मला त्या काळात खरंच वाटायचं की आई सावत्र असती तर बरं झालं असतं. निदान कुणी विश्वास ठेवला असता. एक मावशी होत्या, पण बैठकीच्या दिवसापासून त्यांच्या नवऱ्यानं आमच्या बाजूचं दार खिळे ठोकून बंद केलं होतं. दहावीच्या वर्षी त्या गेल्या. भाजून गेल्या. स्टोव्ह भडकला असं सांगितलं, तेही सगळ्यांना लगेच पटलं. त्या दिवशी मी भिंतीला कान लावून बसले होते. पलीकडं बायका रडत होत्या. मी रडले नाही. मला एवढंच वाटत होतं की आता आमच्या घरातलं ऐकणारं कुणीच उरलं नाही.

पुढं मी डी.एड. केलं, नोकरीला लागले, लग्न झालं. आई मामांकडं हसनाबादला गेली. अण्णा तीर्थपुरीतच एका खोलीत राहिले. ते निवृत्त झाल्यावर एका दुपारी मी त्यांना विचारलं, "तुम्ही हो का म्हणलात?"

ते ज्वारी निवडत होते. हात थांबले नाहीत. "न्हाई म्हणलो असतो तर त्या डॉक्टरीणबाईनं पुन्हा तुला विचारलं असतं. तू खरं सांगितलं असतं, तर घरी जाऊन तुझं काय झालं असतं? अन् खोटं सांगितलं असतं तर ते तुला जल्मभर राह्यलं असतं. मला वाटलं, माझ्यावर आलं की मिटंल."

"मिटलं का?"

"न्हाई," ते म्हणाले. "तुला तिथंच ठेवून यावं लागंल, हे माझ्या ध्यानात आलं न्हाई. तेवढं चुकलं."

दोनच वर्षांनी ते गेले. मयतीला आलेल्या एका नातेवाइकानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मारकुटा होता, पण शेवटी बाप होता. माफ कर." आई गाडी करून आली होती. तिनं हंबरडा फोडला. बायकांनी तिला धरून बसवलं, तिच्या कपाळावरचं कुंकू पुसताना त्याही रडल्या. मी तिथंही बोलले नाही.

बोलले ते मागच्या दिवाळीत. आई आमच्याकडं आली होती. जेवायला बसताना ती माझ्या नवऱ्याला कौतुकानं सांगायला लागली, "लई सोसलंय हिनं. बापानं हात मोडला होता हिचा." तिच्या आवाजात खोटेपणा नव्हता. तिला आता तसंच आठवत होतं.

मी ताट खाली ठेवलं. "आई, हात तू मोडला होता."

तिनं माझ्याकडं पाहिलं. चिडली नाही, घाबरलीही नाही. "मी?" एवढंच म्हणाली. मग मी सगळं सांगितलं. वरण, फुंकणी, दवाखाना, अण्णांची पाठ. माझा आवाज वाढत गेला असावा, कारण नवऱ्यानं माझा दंड धरला. "जाऊ दे गं," तो म्हणाला. "आई आहे ती तुझी. म्हातारपणी कशाला? अण्णा तर गेलेच आता."

माझा नवरा भला माणूस आहे. त्यानं माझ्यावर कधी हात उगारला नाही. पण मी सांगून झाल्यावर तो उठला तो आईला पाणी द्यायला.