शामायचं शेत

गेल्या महिन्यात हळर्णला एका लग्नाला गेले होते. परतीच्या बसची वाट पाहत उभी असताना कुणाच्या तरी अंगणातून भात उकडल्याचा वास आला. ओलसर, किंचित गोडूस. तांब्याच्या भाणात, म्हणजे मोठ्या हंड्यात, साळी फुटू लागल्या की सुटतो तो. बस आली तशी मी चढले, पण पणजी येईपर्यंत मनात एकच म्हातारी चालत राहिली.

डिचोलीजवळच्या आमच्या गावात ती आमची शेजारीण. ख्रिस्ती घरांतून आजीला शामाय म्हणतात. तिची नातवंडं म्हणत म्हणून आम्हीही म्हणायचो. नवरा तापाने गेला तेव्हा ती तिशीचीही नव्हती. दोन मुली, एक मुलगा आणि डोंगराच्या पायथ्याशी एक अरुंद शेत. नांगरट तेवढी दुसऱ्याकडून करून घेई, बाकी पेरणीपासून मळणीपर्यंत सगळं तिच्या दोन हातांनी. रिकाम्या महिन्यांत माडाच्या चुडतांचे झाप विणी, शनिवारी इगर्ज, म्हणजे गावचं चर्च, झाडून काढी. काळा झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल. आमचं भातही तिच्याच भाणात उकडलं जाई, आणि नव्या तांदळाची पहिली पेज ती आमच्या आईला आणून देई. मग स्वतःच्या चुलीकडे वळे.

मी नववीत असताना गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, हा वाद पेटला. माझे बाबा मराठीचे शिक्षक. ते डिचोलीतल्या सभांना जाऊ लागले. शामायचा मुलगा पणजीला कारकून. तो कोंकणीच्या मोर्च्यांना. एका संध्याकाळी कुंपणावरून दोघांचे शब्द वाढले आणि दोन घरांतलं बोलणंच थांबलं. ज्याने बाबांकडेच बाराखडी गिरवली, तो त्यांना पाहून मान फिरवू लागला.

आमचं शेत तिच्या शेताला लागून. दोन्हींच्या डोक्यावर खाण सुरू झाली होती, आणि खाणीची माती बाजूने वाहून न्यायला होता फक्त एक व्हाळ, एक पावसाळी ओढा. दर वैशाखात दोन्ही घरं मिळून तो उपसायची. त्या वर्षी उपसायला केव्हा येता ते विचारायला शामाय आमच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"मास्तर, व्हाळ उसपूंक केन्ना येतात?"

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "तुमच्या मुलाला विचारा. त्याला आमची भाषा चालत नाही, मग आमची कुदळ कशी चालेल?"

"व्हाळाक भास खंय आसता, मास्तर?"

व्हाळाला कुठे असते भाषा! बाबांनी पान उलटलं. ती परत गेली. तिच्या घरातून मुलाचा आवाज आला, "तांकां पयलीं येवंदी!" त्यांनी आधी यावं. दुसऱ्या दिवसापासून ती एकटीच व्हाळात उतरली. सत्तरीची बाई, डोक्यावर पाटी. आई जायला निघाली, तर बाबा म्हणाले, "तू गेलीस तर मी हरलो." आई परत आत वळली. मी खिडकीतून पाहत राहिले. मीही गेले नाही.

निम्मा व्हाळ उपसून झाला. आषाढात उरलेल्या निम्म्यातून खाणीच्या मातीचा तांबडा रेंदा उतरला आणि लावणी गाडून गेला. आमचंही शेत गेलं, पण आमच्या घरात पगार होता. शामाय पाणी ओसरताच पाटी घेऊन निघाली. गोवा राज्य झालं तेव्हा गावात पेढे वाटले गेले. तीही पेढा खाऊन पुन्हा शेतात गेली. मुलगा आखातात निघून गेला. चार पावसाळे ती माती काढत राहिली, आणि दर पावसाळ्यात काढली त्याहून जास्त उतरत राहिली.

अखेर एका सकाळी बाबा कुदळ घेऊन बांधावर गेले. मी मागे होते. शामायने वर पाहिलं. रागाचा लवलेश नव्हता, आनंदाचाही नव्हता.

"बसात, मास्तर," ती म्हणाली. "आतां काडपासारकें कांय उरूंक ना."

काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दोघं बांधावर बसून राहिली. त्यानंतर तिने पाटी उचलली नाही. नव्वदी ओलांडेपर्यंत जगली, रेशनच्या पांढऱ्या तांदळाचा भात बेचव म्हणून मिठाशी खात. डोळे गेले, तरी सकाळी उठून झगा खोचायची आणि मग कुठे जायचं ते न आठवून दारातच उभी राहायची. मुलाला ती गेल्याचं कळलं, पण तो मातीला पोचला नाही.

बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा मी एकदा विचारलंच, "त्या वैशाखात तुम्ही का गेला नाहीत?"

ते छताकडे पाहत म्हणाले, "मला वाटलं, तो आधी येईल."

पुढे शामायचा मुलगा एकदाच आला, घर विकायला. मी त्याला काही विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं. आता खाणीच्या मातीने बुजलेल्या त्या शेतांवर कोंकणीही ऐकू येत नाही, मराठीही नाही. बांध कुठे होता, हे सांगू शकणारी बहुधा मीच एक उरले आहे, आणि मला ते विचारणारं कोणी नाही.