लग्न वरच्या शाळेत

आमच्या गल्लीतल्या खुर्चीवाल्या काकांना हळू बोलता येत नाही. धंदाच तसा. लग्नकार्याला खुर्च्या, ताडपत्र्या, मोठी पातेली आणि भोंगा भाड्याने द्यायचा, आणि भोंगा नीट चालतोय का हे आधी स्वतः त्यात बोलून बघायचं. घरात मीठ मागितलं तरी माझ्या शिवणयंत्रापर्यंत ऐकू येतं. माझं कपडे शिवण्याचं दुकान त्यांच्या समोरच आहे, त्यामुळे त्या घरातलं फारसं काही माझ्यापासून लपून राहिलेलं नाही.

गल्ली उतारावर आहे. तिचं खालचं टोक थेट नदीला भिडतं. काही वर्षांपूर्वी पाणी घुसलं तेव्हा काका छपरावर बसून आपल्या खुर्च्या वाहत जाताना पाहत होते. माणसं वाचली, पण घराघरातलं सामान चिखलात गेलं. नंतर कळलं की वरच्या गावांत नदी चढतेय ही बातमी पूर खात्याच्या कचेरीत दोन दिवस आधीच पोचली होती आणि तिथेच बसून राहिली होती. खुर्च्या गेल्या त्यापेक्षा काकांना हे जास्त लागलं.

"पाणी एवढ्या लांबून चालत आलं," ते भेटेल त्याला सांगायचे, "आणि बातमीला आपली एक गल्ली उतरता आली नाही."

त्यानंतर पूर खात्यात एक नवीन इंजिनीअरबाई आल्या. त्यांनी सगळ्यांना चढावरच्या शाळेत बोलावलं आणि सरळ सांगितलं, "यापुढे बातमी मी स्वतः कळवीन. पण ती आल्यावर कोणी काय करायचं, हे आज ठरवू. त्या दिवशी चर्चा नको, फक्त कामं."

चर्चा मग आम्ही पोटभर करून घेतली. बेकरीवाला म्हणाला, "भट्टी काय डोक्यावर घेऊन जाऊ?" बाई म्हणाल्या, "भट्टी राहू दे, पीठ न्या." कोंबड्यांचा विषय निघाला तो संपेचना. अखेर ठरलं ते असं: पहिला निरोप आला की यंत्रं, धान्य, औषधं वर हलवायची; दुसरा आला की माणसांनी शाळेत जायचं. भोंगा आणि टेम्पो काकांचा. टेम्पोचं डिझेल, शाळेत प्यायचं पाणी आणि डॉक्टर यांची सोय खात्याने पूर येण्याआधीच करायची.

पहिल्यांदा निरोप आला तेव्हा सगळी गल्ली सामानासकट वर चढली, आणि नदी काठापर्यंत येऊन गुपचूप परत गेली. पिठाच्या पोत्यांवर झोपून पाठ धरलेल्या बेकरीवाल्याने काकांचं नाव 'पूरवाले' ठेवलं. काका हसण्यावारी न्यायचे, पण बायकोकडे मीठही हळू मागायला लागले होते. शेवटी इंजिनीअरबाई स्वतः गल्लीत येऊन उभ्या राहिल्या. "अंदाज माझा होता, यांचा नाही. तो पुन्हाही चुकेल. कधीकधी उगाच वर जावं लागेल, हे धरूनच चाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या वेळी पाय किती जणांचे हलतील, ते मात्र सांगता येत नव्हतं.

अशात काकांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. रविवारी, नदीकाठच्या हॉलमध्ये. गुरुवारी सकाळी मी नवरीच्या कपड्यांचं शेवटचं माप घ्यायला गेले होते. काका हॉलसाठी खुर्च्या पुसत होते आणि काकू डबे भरत होत्या. फोन वाजला. काकांनी नुसतं "हो बाई, हो" केलं आणि ते पुसलेल्याच खुर्चीवर बसले.

"वरती धो धो कोसळतोय," ते म्हणाले. "शनिवारपर्यंत पाणी इथे येईल म्हणतात. या वेळी अंदाज पक्का वाटतोय."

काकूंनी हातातला डबा खाली ठेवला. "दुसऱ्या कोणाच्या मुलीचं लग्न असतं तर काय सांगितलं असतंत?"

"उद्याच उरका, आणि वर उरका."

"मग आपल्या मुलीला काय वेगळं सांगणार?"

मुलगी माझ्या टाचण्यांमुळे हलू शकत नव्हती. ती उभ्या उभ्या म्हणाली, "बाबा, आधी सासूबाईंना फोन करा. त्यांना शेवटी कळलं तर जन्मभर ऐकवतील. तेही मलाच."

विहीणबाई नदीच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या गावात राहायच्या. काकांनी फोन स्पीकरवर टाकून सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "येतो आम्ही. पण माझे नवे कपडे शिंप्याने अजून अर्धेच शिवलेत."

"तसेच घेऊन या," मी मागून ओरडले. "मी पुरे करते."

दुपारी भोंगा लावलेला टेम्पो गल्लीतून फिरला. काकांचा आवाज पूर्ववत झाला होता. "पुराचा पहिला निरोप आलाय. आणि माझ्या मुलीचं लग्न रविवारऐवजी उद्या, वरच्या शाळेत. सहकुटुंब यावं. येताना अंथरूण, औषधं आणि महत्त्वाची कागदपत्रं आणावीत. अहेर विसरलात तरी चालेल, म्हातारी माणसं विसरू नका."

गल्ली हसली, आणि हसत हसत कामाला लागली. पूरवाले स्वतःच्या मुलीचं लग्न हलवतात म्हटल्यावर शंका काढायला जागाच राहिली नाही. बेकरीवाल्याची आई गेल्या खेपेला खाट सोडायला तयारच होत नव्हती. "पुराला घाबरून मी कुठे जात नाही," म्हणायची. या खेपेला सगळ्यात आधी तयार होऊन टेम्पोत बसली ती तीच. ठेवणीतले कपडे, केसांना तेल. "लग्नाला जायचं तर वेळेवर जावं," तिने मुलाला सुनावलं.

शुक्रवारी शाळेच्या सभागृहात लग्न लागलं. मागच्या फळ्यावर कोणाचं तरी भागाकाराचं गणित अर्धवट राहिलं होतं. नवरदेवाचे बूट भिजून पचपच वाजत होते. वर्गांमधून शिवणयंत्रं, पंखे, सायकली, पिठाची पोती रचून ठेवली होती, आणि कोंबड्या पहिलीच्या वर्गात होत्या. मी शेवटचं बटण लावलं तेव्हा विहीणबाई माझ्यासमोर उभ्याच होत्या. संध्याकाळी दुसरा निरोप आला, तर हलवायला गल्लीत माणूसच उरला नव्हता.

शनिवारी जेवणाच्या वेळी नदी आली. शाळेच्या व्हरांड्यात उभे राहून आम्ही ती गल्लीत शिरताना पाहिली. आधी हॉल बुडाला, मग बेकरीचं दार, मग माझ्या दुकानाची पाटी. काही बायकांचे डोळे भरून आले, माझेही आले. मग बेकरीवाल्याच्या आईने मागून विचारलं, "खाली कोण राहिलंय का?"

"कोणी नाही," काका म्हणाले. ते वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. ते रडत होते आणि हसतही होते.

चिखलाने माखलेल्या रेनकोटमध्ये इंजिनीअरबाई आल्या तेव्हा पंगत बसली होती. त्या दारातच थांबल्या. "मला वाटलं होतं, इथे माणसं घाबरून बसली असतील."

"बसलीत खरी, पण जेवायला," बेकरीवाला म्हणाला. "तुम्हीही बसा."

रस्ते बंद होते, त्यामुळे वऱ्हाडही आमच्यातच अडकलं. रुसायची संधी विहीणबाईंना मिळालीच नाही. दुसऱ्या दिवशी त्या कंबर कसून स्वयंपाकात उतरल्या आणि तिसऱ्या दिवशी काकूंना भाजी चिरायला लावू लागल्या. पाणी ओसरल्यावर वऱ्हाडातली माणसं बरोबरीने चिखल उपसायला उतरली. नवरदेवाने माझं दुकान धुऊन दिलं. भिंतीचा रंग गेला, पण यंत्र वाचलं होतं, आणि त्याच आठवड्यात ते पुन्हा चालू झालं.

निघताना विहीणबाईंनी काकांना बाजूला घेतलं. "आमचीही गल्ली नदीलाच लागून आहे. एकदा येऊन आमच्या लोकांना हे सगळं समजावून सांगाल का?"

काका गेले. भाषण पाठ करून गेले होते, पण एवढे व्याही पाहून पहिल्याच वाक्याला अडखळले. विहीणबाईंनी माईक काढून घेतला आणि सगळं सांगितलं, अगदी पहिलीच्या वर्गातल्या कोंबड्यांसकट.