वर्नच्या रायफलचा बोल्ट

अप्पांच्या हातातून बाहेर पडलेलं काम एकतीस वर्षांत एकदाही परत आलं नाही, हे मला लग्नाच्या बैठकीतच सांगण्यात आलं होतं. मुलीचं शिक्षण, पत्रिका वगैरे नंतर. अप्पा म्हणजे माझे सासरे, त्र्यंबक साळवी, पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते. तिथं बिघडलेल्या कामाला इन्स्पेक्शनवाले लाल चिठ्ठी बांधून परत पाठवायचे. अप्पांच्या कामाला ती कधी बांधली गेली नाही. मग कॉम्प्युटरवर चालणारी मशिन्स आली, टूलरूम बंद झाली आणि अप्पांना एक हार, एक नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवण्यात आलं.

दोन हजार सहाच्या मेअखेर ते आमच्याकडे अमेरिकेत ईडन प्रेरीला आले, साडेपाच महिन्यांसाठी. सासूबाई धाकटीच्या बाळंतपणामुळे पुण्यातच राहिल्या. पहिल्या आठवड्यात अप्पांनी आमची कुरकुरणारी दारं गप्प केली, मिक्सर उघडून पुन्हा बसवला, माझी ऑफिसची खुर्चीही दुरुस्त केली. तिसऱ्या आठवड्यात घरातलं सगळं संपलं. त्यानंतर ते खिडकीशी बसायला लागले. मी आणि राधिका सकाळी कामाला जायचो तेव्हा तिथंच, परत यायचो तेव्हाही तिथंच. मला त्याचा राग यायचा. कुणी तक्रार केली तर उत्तर देता येतं, न करणाऱ्या माणसाचं काय करायचं?

शिवाय मी जावई. अप्पा मला ‘शंतनूराव’ म्हणत आणि ‘तुम्ही’ म्हणत. त्यांच्याहून बत्तीस वर्षांनी लहान असलेल्या मला काही सांगायचं तर ते आधी घसा साफ करायचे. एकदा सांगायचे, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा कधीच नाही. जावयाला तिसऱ्यांदा सांगणं त्यांच्या हिशेबी उर्मटपणा होता.

शेजारच्या घरात वर्न राहायचा. बहात्तर वर्षांचा, बायको जाऊन चार वर्षं झालेली. त्याचे डोळे जात चालले होते. मधोमध धुरकट डाग आणि कडेनं दिसतंय, असं काहीतरी. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, यंदाचा सीझन काय तो मिळेल, पुढच्या वर्षी नेम धरता येणार नाही. वर्न बाराव्या वर्षापासून दर नोव्हेंबरात उत्तरेकडच्या जंगलात हरणाच्या शिकारीला जायचा. त्याची जुनी रायफल मागच्या वर्षी ट्रकमधून चोरीला गेली होती. आता एका सीझनसाठी महागडी कशाला, म्हणून तो स्वस्तातली घेणार होता. जुलैमध्ये त्याने मला विचारलं, दुकानात सोडशील का. मागच्या सीटवर अप्पा येऊन बसले. त्यांना कुठंही चाललं असतं.

दुकानात एकाच मॉडेलच्या तीन रायफली होत्या. जुन्या जर्मन माउझर बंदुकीच्या पद्धतीची, युरोपातल्या कुठल्याशा कारखान्यात बनलेली, किंमत कमी आणि अंगावर घडणीचे ओरखडे तसेच. हिचं सगळं काम बोल्टवर चालतं. बोल्ट म्हणजे अंगठ्याएवढा जाड पोलादी दांडा. मूठ उचलून मागं ओढला की वापरलेलं काडतूस बाहेर, पुढं ढकलला की नवीन आत. त्याच्या पोटात स्प्रिंग आणि टोचा. चाप ओढला की टोचा पुढं आपटतो आणि बार उडतो. वर्नने तिन्ही बोल्ट मागंपुढं केले. तिन्ही खरडत होते, गंजलेला कडी-कोयंडा सरकवावा तसे.

अप्पांनी न विचारता हात पुढं केला. काउंटरवाल्याने त्यांच्या हातात रायफल दिली आणि मी घाईने पुढं झालो. अप्पा व्हिजिटर व्हिसावर, माझं ग्रीन कार्ड लटकलेलं. अशा माणसाने बंदूक बाळगायची नाही एवढं मला माहीत होतं. हातात धरणं म्हणजे बाळगणं की काय, हे माहीत नव्हतं.

“अप्पा, ठेवा ते खाली, प्लीज,” मी म्हणालो.

अप्पांनी डोळे मिटून बोल्टवरून करंगळी फिरवली. तिन्हींवरून. मग मधल्या रायफलवर हात ठेवला. “ही घ्या म्हणावं. पोलाद चांगलं आहे. फक्त कडा घासून मारलेल्या नाहीत. पंधरा दिवसांत पाण्यासारखी करून देतो.”

मी वर्नला इंग्रजीत सांगितलं, हे म्हणतात मधली बरी आहे. पुढचं वाक्य मी गाळलं. पण अप्पांनी हवेतच घासून दाखवलं आणि वर्नला ते माझ्याशिवाय कळलं.

त्या संध्याकाळी मी राधिकाशी भांडलो. “यार, व्हिसाचं लफडं झालं तर कोण निस्तरणार? अप्पांना सांग, आपल्या घरात बंदुकीचा एक स्क्रूसुद्धा येणार नाही.”

“ते वर्नच्या गराजमध्ये बसणार आहेत,” राधिका म्हणाली. “रायफल वर्नची, गराज वर्नचं. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते दोन पोळ्या जास्त जेवलेत. तूच सांग त्यांना.”

मी सांगितलं नाही. धाकही दाखवता येईना आणि परवानगीही देता येईना, अशी माझी गत झाली.

पंधरा दिवस म्हणाले होते, लागले दोन महिने, कारण अप्पांना ते संपवायचं नव्हतं. बोल्टला मार्किंगची निळी शाई लावायची, एकदा मागंपुढं सरकवायचा आणि शाई जिथं पुसली गेली तेवढंच ऑइलस्टोनच्या बारीक दगडाने दोन हात घासायचं. पुन्हा शाई. बोल्टच्या पुढच्या तोंडाशी दोन जाड कान असतात, बार उडताना सगळा दाब त्यांच्यावर येतो. त्यांना अप्पांनी हातही लावला नाही. “वरची साल तेवढी कडक असते,” ते म्हणाले. “ती गेली की आत मऊ. हौशी लोक तिथंच नडतात.” वर्न शेजारी स्टुलावर बसून कॉफी प्यायचा. अप्पा मराठीत बोलायचे, वर्न इंग्रजीत, आणि एकमेकांचं ऐकून दोघं माना डोलवायचे.

रायफलच्या खोक्यात एक छोटं पुस्तक होतं. ऑगस्टमधल्या एका शनिवारी अप्पा ते घेऊन माझ्याकडे आले. त्यांना ड्रॉइंग वाचता यायचं, इंग्रजी परिच्छेद नाही.

“शंतनूराव, यात तेल-ग्रीसचं काही लिहिलंय का, जरा बघता का?”

मी लॅपटॉपवर होतो. पुस्तक घेतलं आणि नंतर गाडीच्या खणात टाकलं. सप्टेंबरात त्यांनी घसा साफ करून पुन्हा विचारलं. मी म्हणालो, “पाहिलं अप्पा. काही नाही त्यात. नुसत्या सेफ्टीच्या सूचना.”

मी पुस्तक उघडलंही नव्हतं. बंदुकीचं काही वाचायचं नाही, त्यात आपण नाहीच, असा माझा एक चोरटा निषेध चालू होता. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

मग त्यांनी टूलरूमच्या शिस्तीप्रमाणे केलं. तिथं तयार काम कोरडं द्यायचं नाही, गंज धरू नये म्हणून ग्रीस भरून द्यायचं. अप्पांनी बोल्ट उघडला, स्प्रिंगवर आणि टोच्यावर बोटाने ग्रीस भरलं आणि बंद केला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वर्न ती नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. स्वेटरमध्येही उकडत होतं. वीस बार, वीसही ठीक. परत आल्यावर त्याने अंगणात मला बोलावलं आणि एका बोटाने बोल्ट मागं ओढून दाखवला. आवाज नाही. त्याच्या साठ वर्षांत असली रायफल त्याने हातात धरली नव्हती, असं तो म्हणाला. मी भाषांतर केलं. अप्पा जमिनीकडे बघत राहिले, पण कान लाल झाले होते.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सीझन सुरू झाला. अप्पांचं विमान पुढच्या बुधवारी. वर्नला ड्राइव्ह करवत नव्हतं म्हणून मी आदल्या दिवशी दोघांना तीन तास उत्तरेला त्याच्या भावाच्या केबिनवर नेलं. त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. पहाटे शून्याच्या खाली चौदा. भडक नारिंगी जाकिटं चढवून आम्ही तिघं लाकडी मचाणाच्या पेटीत बाकावर बसलो. रायफल रात्रभर बाहेर पडवीत होती. गरम खोलीतून थंडीत नेली तर तिच्यावरच्या दुर्बिणीवर वाफ धरते, असं वर्नने सांगितलं होतं.

उजाडल्यावर पाऊण तासाने हरीण आलं. नर, मोठ्या शिंगांचा. साठ पावलांवर येऊन आडवा उभा राहिला. वर्नने डोळ्यातल्या डागाला चुकवत, मान तिरकी करून नेम धरला. बराच वेळ धरला. मग चाप ओढला.

ठक. ओल्या लाकडावर हळू थाप मारावी तसा आवाज. बार नाही.

वर्न तसाच थांबला, नळी समोर धरून. काडतूस उशिरा उडू शकतं म्हणून थांबावं लागतं. मग त्याने बोल्ट मागं ओढला, पुढं ढकलला. काही म्हणजे काही आवाज झाला नाही. हरणाने मानसुद्धा वळवली नाही. दुसरी कुठली रायफल असती तर त्या खडखडाटानेच पळालं असतं. वर्नने पुन्हा चाप ओढला. ठक. पुन्हा थांबला. पुन्हा अप्पांचा तो बिनआवाजी बोल्ट, पुन्हा ठक. हरीण पाचोळा हुंगत उभंच होतं. आम्ही तिघं तिथं आहोत याची त्याला कल्पनाही नव्हती आणि आम्हाला काहीही करता येत नव्हतं.

अप्पांना पहिल्या आवाजालाच कळलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी हातमोजे काढले होते आणि उघडी बोटं मांडीवर पुसत होते. “ग्रीस आळलंय,” ते कुजबुजले. “टोचा जोरात जात नाहीये. द्या म्हणावं इकडं, खोलतो.” पण खोलायला वेळ नव्हता, गारठलेल्या बोटांत जोर नव्हता आणि हरीण तोपर्यंत सावकाश चालत झाडीत गेलं. वर्नने अप्पांच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

केबिनमध्ये स्टोव्हजवळ बोल्ट ठेवला, दहा मिनिटांत ग्रीस पातळ झालं. अप्पांनी रिकाम्या रायफलचा चाप ओढला. टाच आपटावी तसा टोचा आदळला. पुन्हा ओढला, पुन्हा तसाच. ते कितीतरी वेळ तेच करत होते. मला तिथं बसवेना, म्हणून मी गाडी गरम करायच्या निमित्ताने बाहेर आलो. खणातून ते पुस्तक काढलं. चौदाव्या पानावर जाड अक्षरांत होतं: कडक थंडीत वापरण्यापूर्वी बोल्टमधलं सर्व तेल व ग्रीस पुसून काढा, कोरडा वापरा. एक ओळ. मी पुस्तक परत खणात ठेवलं आणि खण बंद केला.

अप्पांनी पेट्रोलने बोल्ट धुऊन कोरडा केला. रविवारी दिवसभर बसलो, हरीण आलं नाही. बुधवारी मी त्यांना विमानतळावर सोडलं. पुढच्या शनिवारी मी वर्नला एकट्याला घेऊन गेलो, काही दिसलं नाही. उन्हाळ्यापर्यंत त्याला माझा चेहरा ओळखू येईनासा झाला. आवाजावरून ओळखायचा आणि विचारायचा, “अप्पा कसे आहेत?”

अप्पांचा दर रविवारी फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला. “तिकडं टेंपरेचर किती?” मी आकडा सांगायचो. मग ते राधिकाला द्या म्हणायचे. जुलैमध्येसुद्धा विचारायचे.

दोन हजार आठच्या जानेवारीत आम्ही पुण्याला गेलो. पुस्तक मी बॅगेत घेतलं होतं. सांगून टाकायचं ठरवलं होतं. दुपारी सासूबाई आणि राधिका आतल्या खोलीत होत्या. अप्पा आणि मी कारखान्याने दिलेल्या घड्याळाखाली बसलो होतो. मी बॅगेची चेन अर्धी उघडली.

अप्पांनी घसा साफ केला.

“शंतनूराव, एक बोलायचं होतं. चूक माझीच झाली. यंत्राच्या पुस्तकात असलं लिहिलेलं असतंच. तुमच्या कामाच्या गडबडीत नजरेतून सुटलं असेल. मी तिसऱ्यांदा विचारायला पाहिजे होतं. जावई म्हणून संकोच केला.” ते थांबले. “माझा मुलगा असता तर उभं करून वाचून घेतलं असतं.”

मी तोंड उघडलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझीच माफी मागत होते. आता खरं सांगितलं तर त्यांनी मोठेपणाने मला दिलेली ती एवढीशी वाट मीच बंद केली असती, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे धीर झाला नाही.

“असू द्या हो अप्पा,” मी म्हणालो आणि चेन लावली. आतून सासूबाई माझ्यासाठी जास्त साखरेचा चहा घेऊन आल्या.