मशीन मनोहर भैयांनी बिघडवली नव्हती

सकाळचा साडेनऊचा सुमार असेल. मी ऑफिसला निघण्यासाठी बूट घालत होतो आणि सीपरी बाजारातल्या वायरच्या दुकानदाराचा फोन आला. "साहब, मनोहर भैया नहीं रहे. दुकान खोली, स्टूल पे बैठे, और बस…" पुढे तो बराच वेळ बोलत होता. अंत्ययात्रा किती वाजता, लक्ष्मी गेटवरून कोणत्या रस्त्याने जाणार, सगळं त्याने नीट सांगितलं. मी "हो, हो" म्हणत राहिलो. फोन ठेवल्यावर शोभाने, माझ्या बायकोने, विचारलं, "जाणार ना?" मी म्हणालो, "मीटिंग आहे." मीटिंग नव्हती. ज्या माणसाने झाशीतल्या माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात मला आपलं मानलं, त्याला खांदा द्यायला मी गेलो नाही, कारण तिथे जमलेल्या लोकांच्या नजरेला नजर देण्याची माझी हिंमत नव्हती. आज पाच आठवड्यांनी हे लिहितोय. का लिहितोय ते शेवटी सांगेन.

मी मूळचा सांगलीचा. सरकारी कंपनीत इंजिनिअर म्हणून झाशीला आलो, त्याला आता बावीस वर्षं झाली. आलो तेव्हा मे महिना होता. क्वार्टरमधला कूलर पाण्याची नुसती वाफ फेकायचा, धाकटी मुलगी घामोळ्यांनी रडायची. कोणीतरी सांगितलं, सीपरी बाजारात मनोहर भैयांकडे जा, जुना एसी बसवून देतील. दुकानात गेलो तर निळा शर्ट घातलेला, बारीक अंगाचा एक माणूस फोनवर कोणाशी तरी चक्क मराठीत बोलत होता. "दुपारी जेवायला येऊन राहिलोय, वरण पातळ नका करू." मी इतका हरखलो की आधी एसीचं विसरून गाव विचारलं. ते हसले. "गाव हेच, साहेब. अडीचशे वर्षं झाली. आमचे पूर्वज इथे तोफखान्यावर होते, आम्ही कम्प्रेसरवर." त्यांची मराठी आमच्यासारखी नव्हती. तिच्यात हिंदी मिसळलेली होती, मध्येच बुंदेली यायची, आणि मध्येच एखादा असा शब्द यायचा जो मी फक्त माझ्या आजीच्या तोंडून ऐकला होता. स्वयंपाकघराला 'मुदपाकखाना' हा शब्द त्यांच्या घरात रोजच्या वापरात होता! भैयांच्या पत्नी सुमनवहिनी त्या मुदपाकखान्यातून पुरणपोळ्या पाठवायच्या, आणि त्यांच्याकडच्या गणपतीत आम्ही चार-पाच मराठी घरं एकत्र जमून आरती म्हणायचो. परक्या मुलखात माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

मनोहर भैया जेमतेम दहावी शिकलेले. पण मशीनपुढे बसले की त्यांची एक पद्धत होती. आधी विचारायचे, "ही शेवटची ठीक कधी चालली?" मग नुसता हात लावायचे. पाइपवर तळवा ठेवून डोळे बारीक करायचे, जसा वैद्य नाडी धरतो. मीटर आणि गॅसचा दाब दाखवणारं गेज त्यानंतर. मी त्यांना चिडवायचो, "भैया, तळव्यावर आकडे उमटतात का?" ते म्हणायचे, "आकडे नाही उमटत, साहेब. पण मशीन झूठ पण नाही बोलत." माझ्यातला इंजिनिअर या वाक्याला हसायचा. ते हसणं दिसतं तितकं निरागस नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. झाशीतले एक हॉटेलमालक, राजेंद्रजी म्हणू या त्यांना, माझ्या ओळखीचे. त्यांनी गोव्याकडून एक जुनी बंद केबिनची नाव विकत घेतली आणि ट्रेलरवर लादून एरचच्या बाजूला बेतवेच्या संथ पाण्यात आणून सोडली. पर्यटकांना नदीची सैर घडवायची, केबिनमध्ये जेवण द्यायचं, अशी कल्पना. उन्हाळाभर नाव झकास चालली. केबिनमधला एसी जुना होता, पण बर्फासारखी हवा द्यायचा. मग डिसेंबर आला, नदीवर धुकं पडायला लागलं, आणि राजेंद्रजींनी एसी गरम हवेवर टाकला तर आतून थंडच हवा यायला लागली! दोन दिवसांनी लखनौच्या एका कुटुंबाची पार्टी ठरलेली होती. त्यांनी मला विचारलं, मी मनोहर भैयांना घेऊन गेलो.

नावेवरचा एसी घरातल्यासारखा नसतो. घरातला एसी खोलीतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो, नावेवरचा ती नळीने खेचलेल्या नदीच्या पाण्यात सोडतो. हिवाळ्यात हेच उलट चालतं. पाण्यातली थोडीफार ऊब उचलून केबिनमध्ये आणायची. दिशा बदलण्यासाठी आत एक व्हॉल्व्ह असतो, तो सरकला की गॅसचा रस्ता उलटतो. भैयांनी आधी पाण्याची जाळी उघडली, त्यातलं शेवाळ काढलं. मग नावेच्या कुशीतून बाहेर पडणारी पाण्याची धार पाहिली, ती जोरदार होती. केबिनमधली हवेची जाळी झटकली. मग मला म्हणाले, "साहेब, आता बटण हीटवर करा." मी केलं. ते कान लावून बसले. नंतर दोन्ही पाइपांवर तळवे ठेवले, मीटर लावून पाहिलं आणि उठले. "वीज पोचून राहिली आहे, व्हॉल्व्ह सरकत नाही. गोव्यात हिला कोणी गरमवर चालवलीच नसेल, गरज काय तिथे? इतकी वर्षं एकाच जागी बसून जाम झाला. नवा मागवावा लागेल, चार-पाच दिवस. तोवर गरमवर नका चालवू."

राजेंद्रजींचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गेजकडे पाहत होतो आणि गेजचा काटा खाली होता. मी म्हणालो, "गॅस कमी दिसतोय." भैया शांतपणे म्हणाले, "नाही साहेब, पाणीच इतकं थंड आहे, काटा खालीच राहणार. गॅस कमी असता तर गर्मीभर ठंडी हवा कशी दिली असती?" किती साधा, सरळ मुद्दा होता! आज मला तो शाळेतल्या मुलालाही समजावून सांगता येईल. पण तेव्हा राजेंद्रजी गालात हसले आणि मला ते हसू झोंबलं. मी हिंदीत, त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "भैया, हर चीज़ हाथ से नहीं समझ में आती. थोड़ी थ्योरी भी होती है." मनोहर भैयांनी गेज काढून घेतलं. आपली हत्यारं एकेक करून पिशवीत भरली. परतीच्या वाटेवर त्यांनी माझ्या मुलीच्या बारावीची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी राजेंद्रजी कामासाठी लखनौला गेले. "आप देख लीजिए," असं मला सांगून गेले, आणि मी पाहिलं. ग्वाल्हेरहून एक मेकॅनिक बोलावला. त्याला गॅस भरायला मी सांगितलं. गॅस भरल्यावर मशीन दोन मिनिटं चालून बंद पडू लागली, कारण आतला दाब वाढला की बंद करणारा एक सुरक्षेचा स्विच असतो, तो आपलं काम करत होता. मेकॅनिक म्हणाला, "साहब, ये तो ट्रिप मार रहा है." आणि मी म्हणालो, "उसको अभी डायरेक्ट कर दो. पार्टी के बाद देखेंगे." म्हणजे स्विच वगळून तारा सरळ जोडून टाक. हे शब्द माझे आहेत. त्याने दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. त्याने व्हॉल्व्हवर पान्याच्या दांड्याने ठोकलं, व्हॉल्व्ह कसाबसा अर्धवट सरकला, केबिनमध्ये कोमट हवा आली. मला वाटलं, जिंकलो.

पार्टीच्या दिवशी दुपारी, नाव काठाजवळच असताना, कम्प्रेसर जळाला. केबिन धुराने भरली. लोक घाबरून बाहेर धावले, आणि फळीवरून उतरताना त्या कुटुंबातल्या आजी पडल्या. त्यांचं मनगट मोडलं. संध्याकाळी राजेंद्रजी परतले ते संतापूनच. नाव काठाला, आजी इस्पितळात, पाहुणे तक्रार करणार म्हणून अडून बसलेले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "मशीन खोली किसने थी?"

मी म्हणालो, "पहले तो मनोहर भैया ने खोली थी."

यात एकही शब्द खोटा नव्हता. मी फक्त पुढचं बोललो नाही. राजेंद्रजींनीही विचारलं नाही, दोष द्यायला त्यांना एका माणसाचं नाव मिळालं होतं. ग्वाल्हेरचा मेकॅनिक परत गेला होता, त्याला काय पडलं होतं? आठवडाभरात बाजारात सगळ्यांना माहीत झालं की मनोहर भैयांच्या हातून लोकांचा जीव जाता जाता वाचला. राजेंद्रजींच्या हॉटेलांचं काम गेलं, मग त्यांच्या ओळखीच्या हॉटेलांचं. ज्या दुकानात सकाळी चार जण वाट पाहत उभे असायचे, तिथे भैया एकटे पेपर वाचताना दिसायला लागले. मी रस्ता बदलला. बाजारात जायचं झालं तर दुसऱ्या बाजूने जायचो.

एप्रिलमध्ये ते स्वतःच घरी आले. दरवर्षी यायचे तसे, उन्हाळ्याआधी एसी साफ करायला. मी म्हणालो, "यंदा राहू द्या." ते म्हणाले, "का राहू द्या? पोरीला गर्मी सोसत नाही." जाळ्या धुतल्या, पुसल्या, बसवल्या. शोभा चहा टाकायला आत गेली. तेव्हा माझ्याकडे न बघता, जाळीवरचं पाणी फडक्याने टिपत त्यांनी विचारलं, "साहेब, ती जळालेली मशीन मी भंगारवाल्याकडे पाहिली. तो प्रेशरचा स्विच… तो कोणी जोडून टाकला होता?"

"काय माहीत," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. "बरं," म्हणाले. चहा आला, तो प्यायले, शोभाला वहिनींचा निरोप सांगितला आणि गेले. त्यानंतरही दर एप्रिलला आले. पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटायचं, ते विसरले असतील. असं वाटून घेणं सोयीचं होतं…

तेराव्याला मात्र मी गेलो. शोभाच म्हणाली, "आज नाही गेलास तर मी एकटी जाईन, आणि का नाही आलास ते काय सांगू?" तिलाही मी कधी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळी माणसं गेल्यावर, बाहेरच्या खोलीत, सुमनवहिनी आणि शोभा दोघींसमोर मी सगळं सांगितलं. गॅस, स्विच, राजेंद्रजींचा प्रश्न, माझं उत्तर. मला आत कुठेतरी आशा होती की वहिनी म्हणतील, "यांना ठाऊक होतं, यांनी तुम्हाला केव्हाच माफ केलं." माणूस कशाकशाची आशा करतो!

 वहिनी म्हणाल्या, "मला यांनी काहीच नाही सांगितलं. मी यांना बोलायची हो… सहा वर्षं बोलायची. म्हणायची, इतकी मोठी चूक केलीत तरी कशी? हात थरथरतात तर काम सोडा. माझ्या भावाने पुण्याहून फोन करून सुनावलं. हे ऐकून घ्यायचे." त्यांचा आवाज चढला नाही. "तुमचं नाव एकदा पण नाही घेतलं. आणि मी तुमच्या घरी पुरणपोळ्या पाठवत राहिले."

शोभा रडायला लागली. वहिनी रडल्या नाहीत. उठून दाराशी उभ्या राहिल्या. "आता चला तुम्ही. आज मी चहा नाही ठेवणार."

दुसऱ्या दिवशी मी राजेंद्रजींकडे गेलो. ते म्हणाले, "अरे, पुरानी बात है, अब तो बेचारे रहे भी नहीं." मी म्हटलं, म्हणूनच. त्यांनी अनिच्छेने ऐकून घेतलं. मग मी सीपरी बाजारात गेलो आणि चहाच्या टपरीवर, जिथे सगळे मेकॅनिक बसतात, तिथे उभ्यानेच सांगितलं.  वायरच्या दुकानदाराने, ज्याने मला फोन केला होता, फक्त एवढं विचारलं, "ये आप उनके सामने नहीं बोल सकते थे, साहब?" 

आठवड्याने वहिनींचा निरोप आला, शोभाच्या फोनवर. बाजाराला कळलं ते ठीक, पण आमची माणसं पुण्यात, इंदुरात, ग्वाल्हेरात आहेत, त्यांनी पण ऐकलं होतं, त्यांना कोण सांगणार? मराठी पेपरात लिहून द्या म्हणावं, आणि छापायला देण्याआधी मला वाचून दाखवा.

काल वाचून दाखवलं. वहिनी भैयांच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीशी बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून.  राजेंद्रजींच्या प्रश्नापाशी मी आलो. तिथे त्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "चुकून माझ्या तोंडून मनोहर भैयांचं नाव गेलं."

"थांबा," त्या म्हणाल्या. "गॅस भरायला सांगितलंत, ती चूक. स्विच जोडायला लावलात, तीही चूक म्हणेन एकवेळ. पण हे चुकून नव्हतं. तो शब्द काढा."

मी खिशातून पेन काढलं आणि त्यांच्यासमोर तो शब्द खोडला. त्यांनी कागद हातात घेतला, खोडलेली जागा नीट पाहिली आणि परत दिला.

"आता वाचा पुढे," म्हणाल्या.