मिठाची गाडी आणि डांबराचा थर

सुहास, मीरा,

तुमचे पत्र मिळाले. जुना पिकअप घेतला आहे, तिकडे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून थंडीपूर्वी गाडीच्या पोटाला काळा थर मारून घेणार आहोत, असे सुहासने लिहिले आहे. तो थर मारण्याआधी हे वाचा. ही हकीकत मी तुमच्या आईलाही सांगितलेली नाही. माझे वय पाहता आता आणखी पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

युद्धात मी लष्कराच्या महिला दलात सार्जंट होते, एवढे तुम्हाला माहीत आहे. माझे पोस्टिंग कल्याणजवळच्या छावणीत, मोटार ट्रान्सपोर्ट सेक्शनला होते. गाड्यांची लॉगबुके ठेवायची आणि रोजची देखभाल करून घ्यायची, हे माझे काम. युद्ध संपले, महिला दल मोडले. मग फाळणी झाली आणि छावणीच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे भरली. पुढे त्याचेच उल्हासनगर झाले. त्यांच्या शिधावाहतुकीसाठी काही लष्करी गाड्या ठेवल्या. त्यांच्याबरोबर मलाही ठेवले, वर्दीशिवाय.

त्यांतला एक पिकअप धोंडू भोईरकडे होता. धोंडू जांभूळचा. सैन्यातून नाईक म्हणून सुटला होता, ब्रह्मदेशात गाडी चालवून आला होता. माझ्या पट्ट्या गेल्या तरी तो मला सारजंटबाईच म्हणे. त्याचे काम मिठाचे. रेल्वेच्या सायडिंगवरून गोणी भरायच्या आणि छावणी, अंबरनाथ, बदलापूर इथे पोहोचवायच्या. मीठ हवेतला ओलावा ओढते आणि पाझरते. फळ्यांच्या फटींतून ते खारे पाणी थेट चेसिसवर उतरते.

यासाठी स्टँडिंग ऑर्डर होती. मीठ वाहिले की त्याच संध्याकाळी गाडीचे पोट छावणीतल्या नळाच्या गोड्या पाण्याने धुवायचे. चेसिसच्या आतली बाजू, चाकांवरच्या कमानी, ब्रेकचे पाइप. दहा बादल्या. मग सुकवून जुन्या इंजिन ऑइलचा हात फिरवायचा. युद्धात ही ऑर्डर एकदाही चुकली नाही.

आता त्याच नळावर दुपारी तीनपासून बायकांची रांग लागे. पाणी पाचला येई आणि सहाला जाई. एका संध्याकाळी धोंडू गाडीखाली बादली ओतत होता. रांगेतली एक सिंधी म्हातारी हंडा खाली ठेवून माझ्यापुढे आली.

"बेटी, तेरी गाडी रोज नहाती है. मेरे पोते ने चार दिन से मुँह नहीं धोया."

धोंडू गाडीखालून म्हणाला, "सारजंटबाई, गाडीला माय नाय, तिची आय तुमीच. पन या पोरांना आया हायेत, त्या बघतायत."

मी उरलेल्या आठ बादल्या रांगेला द्यायला सांगितल्या. दुसऱ्या दिवसापासून दहाही. गाडी कोरड्या फडक्याने पुसायची, असा माझा तोंडी हुकूम झाला. फडक्याने मीठ निघत नाही. ते सांध्यांत आणि क्लिपांखाली बसून राहते, हे मला शिकवलेले होते. लॉगबुकात मी 'वॉश्ड' असेच लिहीत राहिले.

असे आठ महिने गेले. पुढच्या पावसाळ्यात तपासणी ठरली, सोमवारी सकाळी दहाला. शनिवारी धोंडूने मला गाडीखाली बोलावले. त्याने चेसिसवर स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला. गंजाचे पापुद्रे त्याच्या तोंडावर पडले.

"खरवडाया लागंल," तो म्हणाला. "तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साइड. चार दिस द्या. आनि पेडल खोल जातंय."

"ब्रेक ऑइल टाकलंस?"

"टाकला. दोन दिसांत परत खाली."

चार दिवस नव्हते. सेक्शनचा जुना रिवाज असा की तपासणीच्या आधी गाडीच्या पोटाला पातळ डांबर मारायचे. साहेब खाली वाकला तर त्याला काळे आणि एकसारखे दिसले पाहिजे. सगळेच तसे करत. मी म्हणाले, "आत्ता डांबर मार. ब्रेक मंगळवारी उघडू."

त्याने मारले. गंजावर, मिठावर, ओल्यावर. ब्रेकचा पाइपही त्याखाली गेला.

सुहास, डांबर गंज थांबवत नाही. ते गंज फक्त झाकते आणि ओल आत कोंडते. आधी धुवा. मग पत्रा उघडा दिसेपर्यंत खरवडा. पूर्ण सुकू द्या. ब्रेकचा पाइप टोकापासून टोकापर्यंत डोळ्यांनी पाहा. त्यानंतर थर.

सोमवारी आमच्या सेक्शनच्या कॅप्टनसाहेबांनी गाडी पास केली. फॉर्मवर मी सही केली, त्याखाली त्यांनी. मंगळवारी सकाळी पावणेसातला त्यांनीच बदलापूरपलीकडच्या पाड्यांसाठी मिठाची खेप लावली.

"सर, या गाडीचे ब्रेक आज उघडायचे आहेत."

"काल मी पास केलेली गाडी आज तुम्ही नापास करणार?"

कालच्या फॉर्मवर माझी सही होती. मी गप्प बसले.

धोंडू स्टिअरिंगवर बसला होता. म्हणाला, "सारजंटबाई, तोंड नका पाडू. बर्मात बिनब्रेकाचा डोंगर उतरलोय. बदलापूर म्हंजे काय, ताट हाय ताट." सात वाजता तो गेटबाहेर पडला.

आठ पंचवीसला टेलिफोन वाजला. बदलापूरहून होता.

"एम.टी. सेक्शन?"

"बोला."

"तुमची मिठाची गाडी नदीच्या उतारावर मोरीच्या दगडी कठड्याला धडकली."

"ड्रायव्हर?"

"माणूस न्यायला गाडी पाठवा. डॉक्टर नको."

मी साडेनऊला पोहोचले. त्याला रस्त्याकडेला घोंगडीवर ठेवले होते. मोरीजवळ आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, निघालेल्या नऊ बायका बसून होत्या. त्यांतली एक म्हणाली, "हॉरन वाजवीत आला, बाय. हात बाहेर काढून वरडला, 'सरा, सरा!' आमी कुठं सरनार? दोन्ही अंगाला पानी. मंग त्यानंच गाडी दगडावर घातली."

मी गाडीखाली गेले. डांबर नखाने सोलून निघाले. त्याच्या आत पाइप तपकिरी आणि ओला होता, एका क्लिपपाशी फुटलेला. तो तुकडा मी रुमालात घेतला आणि दुपारी कॅप्टनसाहेबांच्या टेबलावर ठेवला. धुणे मी थांबवले, डांबर मी मारायला लावले, असे सांगितले.

त्यांनी फॉर्म काढला. "ही सही कोणाची?"

"माझी, सर. खाली तुमची."

"मग गाडी ठीक होती."

चौकशी तीन दिवस चालली. माझे म्हणणे लिहून घेतले नाही. लॉगबुकात रोज 'वॉश्ड' होते, माझ्याच अक्षरात. आवणीच्या बायकांना बोलावले नाही. चालकाने उतारावर वेग आवरला नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यामुळे धोंडूच्या बायकोला सरकारकडून काही मिळाले नाही. मी दोन वेळा वर अर्ज केला. उत्तर आले नाही. मी नोकरी सोडली. त्याने कोणाचे काही भले झाले नाही. जांभूळला तिच्याकडे मी एकदा गेले. तिने मला पाणी दिले आणि काही विचारले नाही. मीही सांगितले नाही.

पाणी रांगेला दिले याचा मला पश्चात्ताप नाही. डांबराचा आहे. आणि मंगळवारी सकाळी गप्प बसले त्याचा.

युद्धातून जिवंत परत आला म्हणून धोंडू भोईरचे नाव हुतात्म्यांच्या फलकावर नाही. मेला तेव्हा वर्दीत नव्हता म्हणून दुसऱ्या कुठल्या यादीतही नाही. त्याची बायको गेली. मोरी रस्ता रुंद करताना पुरली गेली. चौकशीच्या निष्कर्षाची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. त्यावर त्याचे नाव पूर्ण आणि अचूक लिहिले आहे, आणि नावापुढे लिहिले आहे: चालकाची चूक.