कमरेला मोठं की खिशात लहान

आमच्या घरात कुणी एकट्यानं काही विकत घेत नाही. फ्रिज असो, मिक्सर असो, पोरांचं दप्तर असो, आधी सगळ्यांना विचारायचं, सगळ्यांनी अकला पाजळायच्या, थोडं भांडायचं आणि मगच दुकानाची पायरी चढायची. म्हणून माझा धाकटा भाऊ दिवाळीला लेकीला घेऊन टेक्सासहून आमच्याकडे बहारीनला आला आणि पहिल्याच जेवणाला म्हणाला, "ताई, दाजी, एक सल्ला द्या, मोठं घेऊ की लहान?", तेव्हा मला वाटलं टीव्हीचं चाललंय. मी विचारलं, "भिंत केवढी आहे तुझी?"

तो पिस्तुलाबद्दल बोलत होता.

म्हणजे एक मोठं त्याच्याकडे होतंच, आता नवं घ्यायचं होतं. गेली काही वर्षं हा गृहस्थ रोज कमरेला पिस्तूल लावून फिरतो, शर्टाच्या आत, कुणाला दिसू नये असं. तिकडे कायद्यानं चालतं म्हणे. चालत असेल. पण हा मला रोज फोन करतो. भाजी काय केली, दाढ कशी दुखतेय, शेजाऱ्याचं कुत्रं कसं भुंकतं, सगळं सांगतो, आणि हे सांगितलं नाही! माझ्या हातातला घास हातातच राहिला.

त्याचं म्हणणं असं की मोठं पिस्तूल हातात नीट बसतं, झटका कमी मारतं, नेम चुकत नाही, गोळ्याही जास्त मावतात. पण दिवसभर कमरेला जड होतं, गाडीत बसलं की बरगडीत रुततं, आणि खाली वाकलं की शर्टावरून दिसतं. लहान कसं, खिशात टाकलं की विसरून जायचं. पण ते हातात उसळतं, सराव लागतो, गोळ्याही मोजक्याच. आता यातलं काय घ्यावं?

माझा नवरा सित्राच्या तेल रिफायनरीत इंजिनिअर आहे. दिवसभर पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यात असतो, त्यामुळे वजन, बॅलन्स असले शब्द ऐकले की त्याच्या अंगात येतं. त्यानं टीव्हीचा रिमोट लेंग्याच्या नाडीत खोचला, वरून सदरा सोडला आणि हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखवलं. "दिसतंय का गं?"

"अक्कल तेवढी दिसत नाहीये कुठं," मी म्हटलं.

दोघं खदाखदा हसले. मला हसू आलं नाही. या देशात आम्ही लाल सिग्नलला चाक पुढं गेलं तरी घाबरतो, व्हिसाला काही होईल म्हणून. माझी लेक हमद टाउनच्या राउंडअबाउटवर संध्याकाळी एकटी सायकल चालवते. आणि माझ्याच डायनिंग टेबलवर, चकलीच्या डब्याशेजारी, माणूस मारायचं हत्यार केवढं असावं याची चर्चा चाललेली.

"कशाला हवंय रे तुला हे मढं?" मी ओरडले.

मग त्यानं सांगितलं. त्याचं पेट्रोल पंपाला लागून दुकान आहे. एकदा एकजण आला आणि काउंटरवरून सरळ याच्या कपाळावर बंदूक धरली. गल्ला घेऊन गेला. त्या वेळी पोरगी मागच्या खोलीत झोपली होती. हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला. मी त्याला लहानपणापासून ओळखते, भीती खोटी नव्हती. म्हणून तर आणखी राग आला. खोट्या भीतीला दोन शिव्या घालून मोकळं होता येतं, खऱ्या भीतीचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी त्याला शर्ट शिवायचे होते. मनामात आमचा नेहमीचा टेलर आहे, तिथं घेऊन गेले. हा त्याला म्हणतो, ढगळ शिवा, उजवीकडे जरा जास्तच. टेलरनं त्याच्या पोटाकडे बघितलं आणि विचारलं, "पेट बढनेवाला है क्या, साब?" भाऊ हसला. टेलरही हसला आणि इथल्या सवयीनं अरबी-हिंदीत म्हणाला, "मफी मुश्किल, कोई प्रॉब्लेम नहीं, हो जायेगा." मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. त्या शर्टांचे पैसे मी देणार होते, ते दिले नाहीत.

भाऊबीज मधल्या वारी होती. आमच्याकडे सण तिथीला येतात आणि शुक्रवारच्या सुट्टीला साजरे होतात. शुक्रवारी सकाळी मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. भाऊ नवा कुर्ता घालून बसला. सुपारी, अंगठी, निरांजन, सगळं ताटात. माझी भाची, पाच वर्षांची, परकर-पोलकं घालून इतकी नाचत होती की विचारू नका. भावजय दुकान सांभाळायला तिकडेच राहिलेली, त्यामुळे पोरीची वेणी मीच घातली होती.

ती धावत आली, बापाला मिठी मारायला, त्याच्या उजव्या अंगानं. आणि मध्येच थांबली. मग पाटामागून वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि तिथून त्याच्या गळ्यात पडली.

"अगं, रांगोळी पुसशील! इकडून ये की, इकडं जागा आहे," मी म्हटलं.

तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. "नो, आत्या. दॅट्स डॅडीज गन साइड."

पिस्तूल टेक्सासला होतं, तिजोरीत. बापाच्या कमरेला लेंग्याच्या नाडीशिवाय काही नव्हतं. तरी पोर वळसा घालून गेली. मी त्याच्याकडे बघितलं, तर हा कौतुकानं म्हणतो, "पहिल्यापासून शिस्त लावलीय तिला. उजवीकडे यायचंच नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिस्त? बापाची अर्धी कूस पोरीला बंद केलीस आणि त्याला शिस्त म्हणतोस, मेल्या?

"ऐक," मी म्हटलं. "आज ओवाळणी मी मागणार. साडी नको, पाकीट नको. ते विकून टाक."

भाऊबीजेला बहिणीनं मागितलं तर भावानं नाही म्हणायचं नसतं, हे त्यालाही ठाऊक आहे. त्यानं दाजींकडे बघितलं, मान खाजवली. मग म्हणाला, "बरं ताई. तुझा शब्द. मोठं विकतो, लहान घेतो."

"दगडापेक्षा वीट मऊ," माझा नवरा म्हणाला. सुटल्यासारखा चेहरा त्याचा.

"वीट डोक्यात घातली तरी माणूस मरतंच!" मी त्याच्या अंगावर धावून गेले. ताटातलं निरांजन हललं. भाजीवालीशी घासाघीस करावी तसं चाललं होतं यांचं, थोडं तुझं, थोडं माझं. मी भावाकडे वळले. "लहान कुठं ठेवणार तू?"

"तोच तर फायदा आहे ना ताई," तो खुलला. "कुठंही. कधी या खिशात, कधी त्या. थंडीत जॅकेटमध्ये. कुणाला पत्ता लागत नाही."

"मग पोरीनं यायचं कुठून?"

त्यानं हा विचारच केला नव्हता. वजन, झटका, गोळ्या, शर्टाचं माप, सगळ्याचा केला होता.

पोरीनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आम्ही तिच्यावरून भांडतोय असं वाटलं असावं तिला. तिनं माझा पदर धरला आणि मलाच समजावलं, "इट्स ओके, आत्या. आय'ल आस्क हिम फर्स्ट. एव्हरी टाइम."

भावानं मान खाली घातली. नवरा खिडकीकडे वळला. मी निरांजनाचं ताट जमिनीवर ठेवलं.

"आधी हिला सांग कुठून यायचं ते," मी म्हटलं. "मग ओवाळते तुला."