इब्राहिमभाईंचा हात

इब्राहिमभाईंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघाला की त्यांच्या गमती सांगायचो आणि तिथेच थांबायचो, कारण पुढे गेलं की गोष्टीत मी येतो. आता पंचाहत्तरी उलटली. माझ्या गप्प राहण्यामुळे त्यांच्याविषयी जे खोटं पनवेलमध्ये खरं होऊन बसलं, ते मीच दुरुस्त करायला हवं.

उरण नाक्याजवळ त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. गाड्यांचे फाटलेले प्लास्टिकचे बंपर शिवायचे आणि रंगवायचे, एवढंच काम. तरुणपणी कुवेतला होते, तिथे शिकले. नम्रपणा अजिबात नव्हता. काम पुरं झालं की शेजारचा चहावाला, रिक्षावाले, जो दिसेल त्याला हाका मारायचे. डोळे मिटून बंपरवरून बोट फिरवायचं आणि फाटलेली जागा दाखवायची. सापडली तर चहा त्यांचा, नाहीतर हरणाऱ्याचा. कोणी बिचकला की म्हणायचे, "लाजतोस काय? नवरीचा हात हाय काय तो?" चहा त्यांनी पाजल्याचं मी कधी पाहिलं नाही.

बंपर ते आतून शिवत. तापलेल्या सळईने तारेची बारीक जाळी प्लास्टिकमध्ये बसवायची, दोन्ही कडा वितळवून एकजीव करायच्या, मग पुट्टी, घासणं, प्रायमर, रंग. रंग कंपनीच्या नंबरावर मारत नसत. गाडी उन्हात उभी करून तिच्या पत्र्याशी जुळवत बसायचे. "नवी गाडी कंपनी रंगवते सर, जुनी गाडी ऊन रंगवतं. मला त्या उन्हाचा रंग काढायचा असतो." दिलेला वायदा मात्र त्यांनी कधी पाळला नाही, आणि गिऱ्हाईक चिडलं तर त्यालाच सुनावायचे, घाई असेल तर चिकटपट्टी लावा म्हणून.

माझी पांढरी गाडी तेव्हाच जुनी झाली होती. तिचे बंपर काळ्या, बिनरंगाच्या प्लास्टिकचे, उन्हाने राखाडी पडलेले. मंडईतून निघताना पुढचा बंपर लोखंडी खांबात अडकला आणि कोपऱ्यापासून दिव्यापर्यंत फाटला. मी गॅरेजवर पोचलो तेव्हा इब्राहिमभाई एका टॅक्सीवाल्याची फिरकी घेत होते. बंपर काळा दिसावा म्हणून त्याने खोबरेल चोळलं होतं. "बंपरवर काय भजी तळायची होती तुला?" सगळे हसत होते. मीही हसलो.

मग ते माझ्या गाडीपाशी आले. "सर, तुमी तेलबिल लावलं नाय ना? लावलं असेल तर सांगा. हे प्लास्टिक तेल पितं. तापवून तापवून काढावं लागतं, नायतर रंग धरत नाय."

जन्मभर मी शाळेत विज्ञान शिकवलं. दर रविवारी बायकोच्या बाटलीतलं खोबरेल फडक्यावर घेऊन मी बंपर चोळायचो, हे त्या हसणाऱ्यांसमोर तोंडातून निघेना. "छे, मी काय वेडा आहे?" म्हणालो. घरी बायकोने विचारलं, त्यांना सांगितलंत ना? त्यांना सगळं कळतं, असं म्हणून मी जेवायला बसलो.

काळ्या प्लास्टिकवर सांधा दिसला असता, म्हणून त्यांनी बंपर रंगवून गाडीसारखाच पांढरा केला. मीही डोळे मिटून बोट फिरवलं, हरलो, चहा पाजला. पुढे भाचीच्या साखरपुड्याला खारघरला जायचं म्हणून गाडी धुतली, तर उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा रंग फडक्याबरोबर निघून आला. त्यामागचं कारण मला त्याच क्षणी कळलं. पण पाहुण्यांमध्ये तशीच गाडी न्यावी लागली, दोघातिघांनी चेष्टा केली, आणि त्याचा राग घेऊन मी दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेलो. तिथे एक ट्रॅव्हल्सवाला बसला होता, आपल्या सगळ्या गाड्यांचं काम त्यांना द्यायला आलेला. त्याच्या देखत मी आवाज चढवला. याला काम म्हणतात का, असं विचारलं.

इब्राहिमभाईंनी सोललेल्या जागेवरून अंगठा फिरवला.  मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सर, तेल नव्हतं ना? एकदा आठवून बघा."

या वेळी हसणारं कोणी नव्हतं. पण हो म्हणायचं तर आधीचं खोटं आणि आत्ताचा आरडाओरडा, दोन्ही कबूल करावं लागणार होतं. "एकदा सांगितलं ना, नाही म्हणून."

"मग माझा हात चुकला," ते म्हणाले. ट्रॅव्हल्सवाल्यालाही त्यांनी जाऊन तेच सांगितलं. तो पुन्हा आला नाही.

माझ्यासाठी त्यांनी भंगारातून दुसरा बंपर शोधला, रंगवून बसवला. त्यावरून बोट फिरवायला मात्र कोणाला बोलावलं नाही. पुढे कोणालाच बोलावेनात. रंग मारताना थांबायचे, पुन्हा घासायचे. रंग सोलून निघाल्याचं मी आमच्या सोसायटीत आधीच बोललो होतो, त्यामुळे तिथल्या गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या. काही दिवसांनी येईल त्याला ते सांगू लागले, शिवून देतो, रंग बाहेर मारून घ्या. डोळे तपासून आले. डॉक्टरांनी डोळ्यांत काही दोष नाही म्हटल्यावर माणूस खूश होतो. हे आणखी खचले. "डोळे बरे हायेत सर. म्हणजे हातच गेला." वर्षभरात गॅरेज बंद झालं.

ते आजारी आहेत हे कळल्यावर मी मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी गेलो, सगळं सांगायचं ठरवूनच. खोलीत त्यांचा जावई आणि दोन पाहुणे होते. मला पाहून इब्राहिमभाई उशीला टेकून उठून बसले.

"हे आपले सर," ते पाहुण्यांना म्हणाले. "माझा हात गेला, ते पयलं यांनी सांगितलं. बाकीचे मागून हसले असते, हे तोंडावर बोलले. सच्चा माणूस. यांच्यामुळं मी इज्जतीत थांबलो."

जावयाने माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. भाभींनी सरबत दिलं. मी ते प्यालो, औषधांची चौकशी केली. निघताना दारात चपला घालून मागे वळलो आणि हाक मारली, "इब्राहिमभाई."

"बोला ना, सर."

"काही नाही. येतो."

त्याच आठवड्यात ते गेले. बोलायचं होतं ते इतकंच होतं. तेल होतं, इब्राहिमभाई. मीच चोळलं होतं. तुमचा हात चुकला नव्हता. मला माफ करा.